जावात तारीख वाचताना आणि छापताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपायलरच्या लेखी तारखेचा पॅटर्न (तारीख कशी वाचायची-छापायची हे सांगणारा अक्षरांचा साचा) म्हणजे एक साधी स्ट्रिंग, नुसता मजकूर. आत काय लिहिले आहे हे तो बघत नाही, म्हणून पॅटर्नमधली चूक थेट चालत्या प्रोग्रॅममध्ये जाऊन बसते. तिथेही ती ओरडत नाही, कारण चुकीची तारीख दिसायला अगदी बरोबर तारखेसारखीच असते. टीममध्ये नव्याने येणारी मुलेमुली जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. मुख्य भर जावावर आहे, बाकीच्या भाषांचे एक उत्तर पुढे आहे.

पॅटर्नची अक्षरे इथे नावाने लिहिली आहेत: 'चार स्मॉल वाय, हायफन, दोन कॅपिटल एम', फोनवर सहकाऱ्याला सांगावीत तशी. पॅटर्नमध्ये स्मॉल आणि कॅपिटल ही दोन पूर्णपणे वेगळी अक्षरे असतात, आणि तोंडाने म्हटली की डोळ्याला न दिसलेला फरक कानाला कळतो. कोड रिव्ह्यू करताना मी पॅटर्न मोठ्याने वाचतो. ही सवय तुम्हीही लावून घ्याच.

तारीख पार्स होते (मजकुरातून वाचली जाते), पण महिना कायम जानेवारीच येतो. असे का?

महिन्याच्या जागी स्मॉल एम पडला आहे. कॅपिटल एम म्हणजे महिना, स्मॉल एम म्हणजे मिनिट. तारखा वाचणाऱ्या-छापणाऱ्या जावाच्या जुन्या सिंपलडेटफॉरमॅट क्लासला 'चार स्मॉल वाय, हायफन, दोन स्मॉल एम, हायफन, दोन स्मॉल डी' असा पॅटर्न देऊन '२०२३-०७-०९' वाचायला लावले, तर तो ०७ ला मिनिटे समजतो. महिना कुणी सांगितलाच नाही, म्हणून जानेवारी धरतो. हाती येते ९ जानेवारी २०२३, रात्रीचे १२ वाजून ७ मिनिटे. एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) नाही, लॉगमध्ये ओळ नाही. आणि स्क्रीनवर फक्त तारीख दाखवत असाल तर ती सात मिनिटेही दिसत नाहीत.

छापताना हीच चूक उलट्या बाजूने येते. मी एका प्रोजेक्टमध्ये बॅकअप फाइलींना तारखेची नावे देणारा कोड लिहिला होता. काही दिवसांनी फोल्डर उघडले तर '२०२३-४७-०९' नावाची फाइल समोर. सत्तेचाळिसावा महिना! त्याच्या आधीच्या बऱ्याच फाइलींत मात्र ती संख्या १२ च्या आतली निघाली होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. कोणती फाइल कुठल्या महिन्याची, हे शेवटी फाइल सिस्टिममधल्या वेळेवरून एकेक करून लावावे लागले.

त्याच कामाच्या नव्या डेटटाइमफॉरमॅटरमध्ये हा धोका निम्मा कमी होतो. लोकलडेट (वेळ नसलेली नुसती तारीख) मागितली आणि पॅटर्नमध्ये महिनाच नसला, तर तो अंदाज न बांधता एक्सेप्शन फेकतो. छापताना मात्र, हातात तारीख आणि वेळ दोन्ही असतील तर, तोही मुकाट्याने मिनिटे छापून देतो.

वर्षासाठी स्मॉल वाय, कॅपिटल वाय की यू?

कॅपिटल वाय म्हणजे आठवड्यावर आधारलेले वर्ष. ते आठवड्याच्या क्रमांकासोबत वापरायचे असते. दिवस-महिना-वर्ष अशा साध्या तारखेत त्याचे काही काम नाही.

गंमत अशी की वर्षातले बहुतेक दिवस कॅपिटल वाय आणि स्मॉल वाय एकच आकडा देतात. फरक पडतो तो डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीच्या सुरुवातीला. आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला आठवडा. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार होता. त्या आठवड्याचा गुरुवार २ जानेवारी २०२५ ला आला, म्हणजे तो अख्खा आठवडा २०२५ चा. कॅपिटल वाय वापरलेला प्रोग्रॅम त्या दिवशी '३०-१२-२०२५' छापतो, चक्क एक वर्ष पुढे. उलटही घडते. १ जानेवारी २०२१ हा शुक्रवार होता आणि आयएसओच्या हिशेबात तो २०२० च्या ५३ व्या आठवड्यात पडतो, म्हणून छापले जाते '०१-०१-२०२०'.

यात आणखी एक गाठ आहे. जावा आठवड्याचे नियम लोकेलवरून (भाषा आणि देशाच्या सेटिंगवरून) घेते. अमेरिकी लोकेलमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो आणि १ जानेवारी ज्या आठवड्यात असेल तोच पहिला. त्यामुळे तिथे २९ डिसेंबर २०२४ लाही २०२५ छापले जाते, आयएसओवाल्या लोकेलमध्ये मात्र तो दिवस ठीक निघतो. एकच कोड, दोन सर्व्हर, आणि चूक वेगवेगळ्या दिवशी. काही वर्षअखेरी तर काहीच न बिघडता निघून जातात, म्हणून हा बग कोडमध्ये वर्षानुवर्षे झोपून राहू शकतो. जागा होतो तेव्हा निम्मी टीम सुट्टीवर असते.

मग लोक कॅपिटल वाय लिहितात तरी का? निष्काळजीपणा हे एकच कारण नाही. जोडा-टाइम या जुन्या लायब्ररीत कॅपिटल वाय म्हणजे साधे वर्षच होते. जावास्क्रिप्टच्या मोमेंट लायब्ररीतही वर्ष कॅपिटल वायनेच लिहितात. तिकडचा पॅटर्न इकडे चिकटवला की झाले काम.

आता स्मॉल यू. डेटटाइमफॉरमॅटरमध्ये स्मॉल वाय म्हणजे एखाद्या युगातले वर्ष, इसवी सन किंवा इसवी सनापूर्वी. यू म्हणजे युगाची भानगड नसलेले सरळ वर्ष. रोजच्या तारखांना दोन्ही सारखेच चालतात, पण कडक तपासणी चालू केली की स्मॉल वायला युग सांगावे लागते. माझा सल्ला: डेटटाइमफॉरमॅटरसोबत चार यू लिहा. सिंपलडेटफॉरमॅटमध्ये मात्र यू लिहू नका, तिथे तो आठवड्यातला वार असतो.

डी आणि एचमध्येही असेच आहे का?

आहे. स्मॉल डी महिन्यातला दिवस, कॅपिटल डी वर्षातला दिवस (१ ते ३६५ किंवा ३६६). कॅपिटल एच ० ते २३, स्मॉल एच १ ते १२. स्मॉल एच लिहिलात तर सोबत सकाळ-दुपार सांगणारा स्मॉल ए हवाच, नाहीतर दुपारचे २:३० आणि रात्रीचे २:३० एकसारखेच छापले जातात. सिंपलडेटफॉरमॅट त्या ए-शिवाय '१२:३०' वाचतो तेव्हा ते मध्यरात्रीनंतरचे साडेबारा धरतो.

अक्षर किती वेळा लिहायचे याने काय फरक पडतो?

महिन्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त. एक कॅपिटल एम दिला तर ३, दोन दिले तर ०३, तीन दिले तर नावाचे छोटे रूप, चार दिले तर पूर्ण नाव. डेटटाइमफॉरमॅटरमध्ये दोन स्मॉल डी म्हणजे बरोबर दोन अंक. '५/३/२०२४' असा मजकूर येणार असेल तर एकच डी आणि एकच एम लिहा, तो '०५/०३/२०२४' सुद्धा वाचतो.

काही भाषांत, उदाहरणार्थ रशियन किंवा पोलिशमध्ये, तारखेत आलेले महिन्याचे नाव विभक्ती घेते आणि कॅलेंडरच्या मथळ्यावरचे घेत नाही. मथळ्यासाठी एमऐवजी कॅपिटल एल असतो.

दोन अंकी वर्ष आले तर कुठले शतक धरले जाते?

ते ज्याच्या त्याच्या नियमावर आहे, आणि नियम सगळीकडे वेगळे आहेत. डेटटाइमफॉरमॅटर दोन वायसाठी सरळ २००० ते २०९९ धरतो. सिंपलडेटफॉरमॅट तो तयार झाला त्या क्षणापासून मागची ८० आणि पुढची २० वर्षे धरतो. पायथनमध्ये ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९, आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. जन्मतारखांसाठी यातला एकही नियम पुरेसा नाही. समोरून चार अंकी वर्ष मागून घेणे हाच खरा उपाय.

आणि उलट चूक टाळा. पॅटर्नमध्ये चार वाय आणि मजकुरात '१५/०३/२४' असेल, तर सिंपलडेटफॉरमॅट त्याला इसवी सन २४ समजतो. डेटाबेसमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या तारखा सापडल्या तर आधी इथे बघा.

३१ फेब्रुवारी दिली तरी प्रोग्रॅम काहीच बोलत नाही, हे कसे?

सिंपलडेटफॉरमॅट मुळातच सैल आहे. तो जादा दिवस पुढे ढकलतो, म्हणजे ३१ फेब्रुवारी २०२३ ची ३ मार्च होते. 'सेटलेनियंट' ला फॉल्स दिले की हे थांबते. तरीही तो मजकुराच्या शेवटचा कचरा बघत नाही: '२०२४-०१-१५' पुढे काहीही चिकटलेले असले तरी तारीख मिळाली म्हणून खूश.

डेटटाइमफॉरमॅटरची मूळ पद्धत 'स्मार्ट' आहे. तेरावा महिना किंवा ३२ तारीख तो नाकारतो, पण ३१ फेब्रुवारी ओढून महिन्याच्या शेवटच्या दिवसावर आणतो. मला हे पटत नाही. माणसाने भरलेल्या फॉर्ममध्ये ३१ फेब्रुवारी आली तर त्याला विचारले पाहिजे, परस्पर २८ करून ठेवणे बरोबर नाही. त्यासाठी रिझॉल्व्हरस्टाइल (तपासणी किती कडक हे ठरवणारी सेटिंग) 'स्ट्रिक्ट' करा आणि वर्षाला चार यू वापरा. स्मॉल वाय तसाच राहिला तर अगदी बरोबर तारीखही नाकारली जाईल आणि एक्सेप्शनच्या संदेशात 'इयरऑफइरा' हा शब्द दिसेल. तो दिसला की कारण हेच.

वेळ काही तासांनी पुढेमागे होते. टाइम झोन तर बरोबर आहे!

पॅटर्नमध्ये शेवटचा झेड सिंगल कोट्समध्ये आहे का, ते आधी पाहा.

एपीआयमधून (दुसऱ्या प्रोग्रॅमकडून डेटा घेण्याच्या मार्गातून) वेळ येते ती अशी: तारीख, मग टी, मग '१८:४५:००', आणि शेवटी झेड. मधला टी फक्त विभाजक आहे, तो कोट्समध्ये टाकणे बरोबर. शेवटचा झेड मात्र सांगतो की ही वेळ यूटीसीतली (जागतिक प्रमाणवेळेतली) आहे. त्याला कोट्समध्ये टाकले की पार्सर त्याला नुसते सजावटीचे अक्षर समजतो आणि १८:४५ ही मशीनची स्थानिक वेळ धरतो. मशीन यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असेल तर प्रत्येक नोंद साडेपाच तासांनी चुकते. सर्व्हर यूटीसीवर चालत असेल तर तिथे सगळे बरोबर दिसते, आणि बग फक्त डेव्हलपरच्या लॅपटॉपवर येतो. मग लोक लॅपटॉपला दोष देत बसतात.

कोट्समधल्या झेडऐवजी तीन कॅपिटल एक्स लिहा. ते झेडही वाचतात आणि '+०५:३०' सारखा ऑफसेटही (यूटीसीपासूनचा फरक). त्याहून बरे म्हणजे पॅटर्न लिहूच नका. इन्स्टंट आणि ऑफसेटडेटटाइम यांची पार्स मेथड हा साचा मुळातच ओळखते.

झोनची तीन अक्षरी नावे डेटामध्ये ठेवू नका. 'आयएसटी' म्हणजे भारत, इस्रायल आणि आयर्लंड, तिन्ही. 'सीएसटी' म्हणजे अमेरिकेची सेंट्रल वेळही आणि चीनची वेळही. ऑफसेट ठेवा, किंवा खंड आणि शहर असे झोनचे पूर्ण नाव.

'लोकलडेटटाइम मिळवता आली नाही' असे एक्सेप्शन येते. पॅटर्न तर जुळतो आहे.

पॅटर्न जुळतो, पण मजकुरात वेळच नाही, आणि लोकलडेटटाइमला तारीख आणि वेळ दोन्ही लागतात. जेवढे मजकुरात आहे तेवढाच प्रकार मागा. नुसती तारीख असेल तर लोकलडेट, आणि वेळ हवीच असेल तर त्यानंतर 'अॅटस्टार्टऑफडे'. उलट, लोकलडेट छापताना पॅटर्नमध्ये तास असला तरी एक्सेप्शनच येते. हा चांगला हट्ट आहे, नसलेली माहिती कुणी आपल्या मनाने भरू नये.

मिलिसेकंदांचा घोळ कशाने होतो?

सिंपलडेटफॉरमॅटला कॅपिटल एस म्हणजे मिलिसेकंदांची संख्या वाटते, दशांश भाग नाही. '१०:२०:३०.५' मधले .५ त्याच्यासाठी ५ मिलिसेकंद होतात, खरे तर ते ५०० आहेत. सहा अंकी मायक्रोसेकंद आले तर आणखी वाईट: .१२३४५६ ला तो १,२३,४५६ मिलिसेकंद समजतो आणि वेळ दोन मिनिटे तीन सेकंदांहून जास्त पुढे सरकते. डेटटाइमफॉरमॅटरमध्ये कॅपिटल एस हा खरोखरच सेकंदाचा दशांश भाग आहे.

सिंपलडेटफॉरमॅट एकदाच स्टॅटिक (सगळ्यांत मिळून एकच) करून सगळीकडे वापरला तर चालेल का?

नाही. त्याच्या पोटात एक कॅलेंडर असते आणि पार्स करताना तो ते पुसून नव्याने भरतो. दोन थ्रेड (समांतर चालणारी कामे) एकाच वेळी आले की एकाचा दिवस दुसऱ्याच्या महिन्याला जाऊन चिकटतो. कधी विचित्र एक्सेप्शन येते, ते परवडले. कधी दुसऱ्याच कुणाची तारीख गुपचूप परत येते.

जावाची आठवी आवृत्ती मार्च २०१४ मध्ये आली तेव्हा तिच्यात तारखांची नवी लायब्ररी आली. तिच्यामागे जोडा-टाइमचे लेखक स्टीफन कोलबोर्न यांचा मोठा हात होता. त्यातला डेटटाइमफॉरमॅटर एकदा तयार झाला की बदलत नाही, म्हणून स्टॅटिक करून खुशाल वाटून वापरा.

माझ्या मशीनवर चालते, सर्व्हरवर मोडते. काय शोधू?

लोकेल. पॅटर्नसोबत लोकेल दिले नाही तर जावा मशीनचे लोकेल घेते. मजकुरात महिन्याचे इंग्रजी नाव आणि मशीन जर्मन, तर पार्स होणार नाही. नाव किंवा सकाळ-दुपार असलेल्या प्रत्येक पॅटर्नला लोकेल स्पष्ट द्या.

लोकेलची माहितीही आवृत्तीप्रमाणे बदलते. जावा ९ पासून ती युनिकोडच्या सीएलडीआर संग्रहातून येते. पुढे ब्रिटिश इंग्रजीत सप्टेंबरचे छोटे रूप तीन अक्षरांवरून चार अक्षरांवर गेले. जावा २० मध्ये इंग्रजीच्या तयार शैलींत एएम-पीएमच्या आधीची साधी मोकळी जागा जाऊन अरुंद, न तुटणारी जागा आली. डोळ्याला फरक शून्य, पण तुलना करणाऱ्या टेस्ट पटापट पडल्या. लोकेलच्या तयार शैली माणसांना दाखवण्यासाठी आहेत. दुसऱ्या प्रोग्रॅमला द्यायच्या मजकुरासाठी त्या कधीही वापरू नका.

मराठी महिने आणि देवनागरी अंक मिळतील का?

मिळतील. मराठी लोकेल दिले की महिन्यांची आणि वारांची नावे मराठीत येतात, पण स्वतः लिहिलेल्या पॅटर्नमध्ये अंक इंग्रजीच राहतात. त्यासाठी 'विथडेसिमलस्टाइल' ला मराठीची डेसिमलस्टाइल द्यावी लागते. मग तोच फॉरमॅटर वाचतानाही देवनागरी अंकच मागतो आणि '2024' सारखे इंग्रजी अंक नाकारतो. छापायचा आणि वाचायचा फॉरमॅटर वेगळा ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये उलट आहे: तिथल्या इंटल फॉरमॅटरला मराठी सांगितले की देवनागरी अंक आपोआप येतात.

पायथन, गो, एसक्यूएलमध्ये हीच अक्षरे चालतात का?

अजिबात नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त घात होतो. सी आणि पायथनमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे स्मॉल एम म्हणजे महिना आणि कॅपिटल एम म्हणजे मिनिट, जावाच्या बरोबर उलट. मायएसक्यूएलमध्ये टक्का-कॅपिटल-एम म्हणजे महिन्याचे पूर्ण नाव, आणि मिनिट म्हणजे स्मॉल आय. पीएचपीतही मिनिट स्मॉल आय. पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये मिनिट म्हणजे एम-आय. पीएचपीच्या 'क्रिएटफ्रॉमफॉरमॅट' चे आणखी एक: पॅटर्नमध्ये वेळ नसली तर तो चालू क्षणाची वेळ भरतो. शून्य वेळ हवी तर उद्गारचिन्ह टाकावे लागते.

गोमध्ये अक्षरेच नाहीत. तिथे एक ठरलेला क्षण आपल्याला हव्या त्या रूपात लिहायचा असतो: २ जानेवारी २००६, १५:०४:०५. महिना १, दिवस २, दुपारचे ३, मिनिटे ४, सेकंद ५, वर्ष ६, आणि झोन उणे ७. आधी विचित्र वाटते, पण त्यात स्मॉल-कॅपिटलचा घोळ होऊच शकत नाही.

'०३/०४/२०२४' हे ३ एप्रिल की ४ मार्च, हे कोडने कसे ओळखायचे?

ओळखता येत नाही. दोन पॅटर्न एकामागून एक लावून पाहणारा कोड मी अनेकदा पाहिला आहे. १३ आणि त्यापुढच्या तारखा त्यात बरोबर निघतात आणि १२ पर्यंतच्या उलटतात, म्हणजे एकाच फाइलीत दोन अर्थ मिसळतात. मजकूर कुठून येतो हे विचारून एकच पॅटर्न ठरवा. काही भाग कधी असतो, कधी नसतो, एवढाच प्रश्न असेल (उदाहरणार्थ सेकंद) तर तो भाग पॅटर्नमध्ये चौकोनी कंसात टाका.

पॅटर्न बरोबर आहे हे लवकरात लवकर कसे तपासू?

१ जानेवारी किंवा आजची तारीख घेऊ नका. मी कायम हा एकच क्षण वापरतो: ३० डिसेंबर २०२४, १७:४२:०८. वर्षाच्या जागी २०२५ आले तर कॅपिटल वाय. महिन्याच्या जागी ४२ आले तर स्मॉल एम. दिवसाच्या जागी ३६५ किंवा थेट एक्सेप्शन आले तर कॅपिटल डी. तासाच्या जागी ०५ आले तर स्मॉल एच. मिनिटांच्या जागी १२ आले तर कॅपिटल एम. प्रत्येक आकडा वेगळा आहे, त्यामुळे चुकीचे अक्षर लपायला जागाच उरत नाही. छापलेला मजकूर त्याच पॅटर्नने परत वाचा आणि मूळ क्षणाशी ताडून पाहा. मग लोकेल आणि टाइम झोन बदलून तीच टेस्ट पुन्हा चालवा.